चेंडू निर्दोष होता

गावभाग, सांगली
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

दहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या दे, खातो. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन उरकलं. ते असो. आज लिहायला बसलोय ते सोनीमुळे. हो, तुमच्या माडीवरच्या सोनी मांजरीमुळे.

पण आधी गुंड्या. २०१९ च्या पुरात आमच्या जिन्यावर कुडकुडत बसलेलं ते मांजराचं पिल्लू आता साडेसहा किलोचं धूड झालंय. गेल्या महिन्यात एका रात्री तो मोरीत जाऊन बसला, उठला, परत बसला. फरशीवर थेंब नाही. मधूनच असा ओरडायचा की शेजारचे दिवे लागले. आई म्हणाली, "पोट साफ नाही त्याचं, तूप चाटव." चाटवलं. पहाटे पोटाला हात लावला तर आत मोसंबीएवढं टणक काहीतरी. तसाच भाजीच्या पिशवीत घातला आणि स्कूटरवरून मिरज गाठली.

डॉक्टरीण तुझ्या धाकटीच्या वयाची. हात लावल्याबरोबर म्हणाली, "काका, पोट नाही, लघवी तुंबलीय. बोक्यांची नळी बारीक असते, त्यात लघवीतला खर, म्हणजे बारीक खडे, आणि चिकटा अडकला की बूच बसतं. दोन दिवस असंच राहिलं तर जीव जातो." नळी घातली, तीन दिवस सलाइन. मी बाहेरच्या बाकावर. बारावीच्या निकालालाही इतका घाबरलो नव्हतो, आणि तो निकाल कसा लागला ते तुला ठाऊकच आहे.

सोडताना तिनं विचारलं, "खायला काय घालता?" मी ऐटीत सांगितलं, "कॅटफूड! वर दूध-पोळी." "कुठलं कॅटफूड?" आता आली का पंचाईत! दुकानदार उघड्या पोत्यातून किलोवर मोजून देतो, ना नाव ना तारीख. खिशात पुडी होती ती दाखवली. तिनं हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. खवट! "भडंगात असे दाणे निघाले असते तर परत केले असते ना?" सांगलीकराला याहून जिव्हारी काय लागणार.

मग तिनं माझी शिकवणी घेतली. मांजराला मुळात तहान कमी, त्याचं पाणी शिकारीतून यायचं. कोरड्या दाण्यात पाणी शंभरात दहा भाग, ओल्या पाऊचमध्ये पंचाहत्तर-ऐंशी. नुसत्या दाण्यावर ठेवलं की लघवी दाट होते, मग खर धरतो. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही. पाकीट पुढून बघायचं नाही, मागून वाचायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. तेव्हापासून मी दुकानात चष्मा कपाळावर चढवून उभा. एका पाकिटावर पुढे उसळी मारणारा मासा आणि मागे यादीत पहिला नंबर मक्याचा! पोरगा दुकानदार म्हणतो, "आजोबा, मांजरासाठीच घेताय ना?" आजोबा म्हणाला रे मला.

'संपूर्ण आहार' असं छापलंय का तेही बघायचं. त्या चाटायच्या नळ्या असतात ना, त्या नुसती चॉकलेटं. मला वाटलं, त्यापेक्षा घरीच चिकन शिजवू. तर ती म्हणाली, अधूनमधून द्या, पण नुसत्या मांसात कॅल्शियम फारसं नाही, त्यावर भागणार नाही. कांदा-लसूण तर चुकूनही नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आईच्या चातुर्मासाचे नियम आणि बोक्याचे नियम एकच! तरी रविवारचं चिकन सुरू आहे. मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळा कुकर. आई तिकडे फिरकत नाही, पण "मीठ नाही ना घातलंस त्याच्यात?" हे आतून विचारते.

गुंड्यानं पहिल्या दिवशी पाऊचकडे ढुंकून पाहिलं नाही. भूक लागली की खाईल, असं म्हणून मी ताटली तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा बोलणी खाल्ली. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठते म्हणे. नव्या पाकिटातले दाणे कोमट पाण्यात भिजवून, त्यात पाऊचमधलं चमचा-चमचा वाढवत आठ-दहा दिवसांत आणला त्याला वळणावर.

आता सोनी. निघता निघता डॉक्टरीण म्हणाली, "टॉरीन नावाचा घटक लिहिलाय का तेही बघत जा. मांजराला ते स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, मांस-मासळीतूनच मिळतं. नाही मिळालं तर हृदय ढिलं पडतं, डोळ्यांचा पडदा जातो." मी तिथंच बसलो. आठवतंय, आपण टी.वाय.ला होतो, १९८७. सोनीच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर झालेल्या आणि ती दाराच्या चौकटीला आपटायची. माझ्या चेंडूनं तिचे डोळे गेले म्हणून तू सहा महिने माझ्याशी बोलला नाहीस. आयर्विन पुलावर समोरून आलास आणि नदीकडे तोंड केलंस. अरे, काकू तिला कुत्र्यांच्या भीतीनं माडीवरून खाली उतरू देत नव्हत्या. उंदीर नाही, पाल नाही, जन्मभर दूध-भात.

घरी येऊन वाचलं. टॉरीनवाचून मांजराचे डोळे जातात हे १९७५ लाच छापून आलं होतं. आणि त्या हृदयरोगाचं कारणही तेच, हे कॅलिफोर्नियाच्या पॉल पायननं दाखवलं ते नेमकं १९८७ साली! तिकडे मांजरं बरी होत होती आणि इकडे आपण दोघं चेंडूवरून भांडत होतो. आता सोनीचं नक्की तेच झालं असेल हे कोण सांगणार? पण चेंडू पाठीला लागला होता, हे मी तेव्हाही सांगत होतो.

काकूंना यातलं काही सांगू नकोस. साय काढून ठेवायच्या त्या तिच्यासाठी.

धाकटीचं नक्की झालं का? वहिनींचा गुडघा? रिटायर झाल्यावर इकडे येणार होतास, हरिपूरचा तो प्लॉट अजून रिकामा आहे. भडंग पाठवतोय, दाणे चाखून घेतलेत.

सकाळपासून गुंड्या तीनदा मोरीत जाऊन आला. तिन्ही वेळा मी मागोमाग. थांबतो, परत उठलाय.

तुझा,
शऱ्या

ता. क. चेंडू रबराचा होता.