पाय गेला म्हणून जीव घ्यायचा?

महोदय,

उन्हाळ्यात नागपूरची कुत्री सावलीसाठी उभ्या गाड्यांखाली शिरतात. गाडी सुरू झाली की उठायला क्षणभर उशीर होतो आणि पाय चाकाखाली येतो. आमच्या ले-आऊटमध्ये आमच्या भुरीचं असंच झालं. त्यानंतर मिळालेल्या एका सल्ल्याबद्दल हे पत्र आहे, कारण तो सल्ला या शहरात फार सहज दिला जातो.

"कायले हाल करता मुक्या जीवाचे? सुई देऊन मोकळं करा." शेजारी म्हणाले, नातेवाईक म्हणाले. त्यांच्या मनात दयाच होती, यात मला शंका नाही. पण पाय काढावा लागणं म्हणजे आयुष्य संपणं, ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी वाचू शकणारी जनावरं जातात.

भुरीचं हाड मोडलं नव्हतं. पुढच्या पायाच्या नसा काखेत एकवटतात; जोराचा हिसका बसला की त्या मणक्याजवळून उपटल्या जातात आणि पाय लुळा पडतो. पंजा उलटा पडून फरफटतो, वरची कातडी सोलते. पायात संवेदना उरली आहे का, हे कळायला डॉक्टर चिमट्याने बोट जोरात दाबून बघतात. नुसता पाय आखडून भागत नाही, कुत्रं वळून बघतं का, विव्हळतं का, यावर सगळं असतं. भुरीने मानही वळवली नाही. तरी काही आठवडे बँडेज आणि व्यायाम करून थांबलो, कारण नसा फक्त ताणल्या असतील तर संवेदना परत येऊ शकते. आली नाही. जखम हाडापर्यंत गेली, आणि ती स्वतःचाच बधिर पंजा चावायला लागली. तो पाय तिच्या कामाचा राहिला नव्हता, नुसती जखम झाला होता.

पाय फऱ्यासकट, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडासकट काढला. एवढा वरून का, हा प्रश्न मलाही पडला होता. थोटूक ठेवलं तर जनावर त्यावर भार टाकायला जातं आणि ते पुन्हापुन्हा फुटतं. घरी आली तेव्हा भादरलेली, काळीनिळी पडलेली कूस बघून मला रडू आवरेना. ती मात्र तिच्या वाटीकडे गेली. आपल्याला वाटतो तो कमीपणा कुत्र्याला वाटत नाही.

अडचणी असतात. कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्याला जास्त सावरावं लागतं. वजन वाढू देता येत नाही. लाडाने पोळीचे तुकडे टाकणाऱ्या पाहुण्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. गुळगुळीत टाइल्सवर पाय सरकतो, म्हणून आमच्या घरभर जुन्या सतरंज्या आहेत. कुत्रं फार जाड असेल किंवा बाकीच्या पायांचे सांधे खराब असतील, तर निर्णय खरोखर कठीण असतो. म्हणूनच डॉक्टरांनी आधी उरलेले तीन पाय नीट तपासायला हवेत आणि घरच्यांनी तसं विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. पाय मोडला की घरीच बांबूच्या कामट्या घट्ट आवळू नका. रक्त अडतं, बोटं सुजून गार पडतात आणि वाचणारा पाय सडतो. आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळीही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. शहरात खाजगी दवाखानेही आहेत. या सगळ्यांना माझी विनंती आहे: पाय काढायचा की कायमचं निजवायचं, अशा पेचात सापडलेल्या कुटुंबाला निर्णयाआधी तीन पायांवर चालणारं एखादं कुत्रं बघायला मिळावं. फोनवर समजावून जे पटत नाही, ते अंगणात दोन फेऱ्या बघितल्या की पटतं. भुरीला घेऊन यायची माझी तयारी आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे; कोणी विचारल्यास अवश्य द्यावा.

आपली,
एक वाचक, नागपूर