बाबा, माझं गाणं वाया गेलेलं नाही

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलं, ‘विशारदपर्यंत गाणं शिकली, पहाटे उठून रियाज केला, आणि आता हसवायची गाणी म्हणून राहिली. मग ते शिकलेलं गेलं कुठं?’ तुमच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. अशा प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. लग्नकार्यात कुणी ‘पोरगी काय करते?’ विचारलं की तुम्हाला काय सांगावं ते सुचत नाही, हेही आईकडून कळलं. सांगा, की ती स्किट लिहिते, त्यात कामं करते आणि विनोदी गाणी रचून पेटीवर म्हणते. तिचं पोट त्यावर चालतं.

या वाटेनं जायचा धीर मला ज्याच्यामुळे आला, त्याच्याबद्दल तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. व्हिक्टर बोर्गे. जन्म १९०९चा, कोपनहेगनचा. घर ज्यू. वडील तिथल्या शाही वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचे, आई पियानो वाजवायची. मुलानं आठ वर्षांचा असताना लोकांसमोर पियानो वाजवला आणि पुढे तिथल्या संगीत अकादमीत शिष्यवृत्तीवर शिकला. त्या घराला वाटलं असणार, की पोरगा मोठा वादक होणार. तो झालाही. फक्त १९३०च्या दशकात त्यानं पियानोपाशी बसून बोलायला सुरुवात केली आणि लोक हसू लागले. त्यात हिटलरवरचेही विनोद होते, आणि तेही जर्मनीच्या शेजारी राहून. ९ एप्रिल १९४०ला जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये घुसलं तेव्हा तो स्वीडनच्या दौऱ्यावर होता, म्हणून वाचला. फिनलंडच्या पेत्सामो बंदरातून अमेरिकेचं जहाज मिळालं. ऑगस्टमध्ये तो अमेरिकेत उतरला तेव्हा खिशात २० डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हतं. तो सिनेमाच्या थेटरात बसून बसून इंग्रजी शिकला.

ज्याचा विनोद बोलण्यावर उभा आहे, त्याची भाषाच गेली तर त्याच्याकडे उरलं काय? बाबा, त्याच्याकडे तालीम उरली होती. हात तेच होते, पियानो सगळीकडे सारखाच होता. परक्या भाषेतले शब्द जमेपर्यंत सुरांनी त्याला सांभाळलं. पुढे रेडिओवर नाव झालं, आणि २ ऑक्टोबर १९५३ला न्यूयॉर्कच्या गोल्डन थिएटरात त्याचा एकट्याचा कार्यक्रम सुरू झाला. एक माणूस, एक पियानो. ८४९ प्रयोग झाले.

तो नेमकं काय करायचा ते सांगते, कारण तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. समोर स्वरलिपीचा कागद ठेवून तो वाजवायला लागतो. काहीतरी विचित्रच चाल निघते. कपाळाला आठ्या पडतात, तो पुन्हा बघतो, पुन्हा वाजवतो. मग त्याच्या लक्षात येतं की कागद उलटा आहे. तो सुलटा करतो आणि रोसिनीची जगप्रसिद्ध सुरावट घोड्यासारखी दौडत सुटते. सभागृह हशात बुडतं. आता तुम्हीच सांगा, उलटी सुरावट इतकी सफाईनं वाजवायला सुलटी किती पक्की हवी? एखादं साधं वाढदिवसाचं गाणं तो मोझार्टनं कसं बांधलं असतं, ब्राम्सनं कसं, वाग्नरनं कसं, ते वाजवून दाखवायचा. तुम्ही ओसरीवर एकच अभंग आधी भूप रागात, मग देस रागात म्हणून आम्हा पोरांना ओळखायला लावायचे, त्याची मला फार आठवण झाली.

आपल्याकडे पु. ल. होतेच की. लोक त्यांना विनोदासाठी ओळखतात, पण भीमसेनजींच्या ‘इंद्रायणी काठी’ची चाल त्यांची, ‘नाच रे मोरा’ची चाल त्यांची. पेटीवर हात बसलेला होता म्हणूनच त्यांचा गवई, त्यांचा तबलजी, त्यांचा संगीत नाटकातला नट खोटा वाटला नाही. टिंगल करणाऱ्याला आणि प्रेमानं हसणाऱ्याला वेगळं काढायची माझी एकच खूण आहे: ज्याच्यावर हसतो ती गोष्ट त्याला स्वतःला उत्तम येते का? पु. ल. आणि बोर्गे दोघंही २००० सालीच गेले, एक जूनमध्ये, दुसरा डिसेंबरात.

आणि आपला विदर्भ कुठं मागे आहे? गाडगेबाबा कीर्तनात लोकांना वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. हसता हसता माणसाला आपलं अज्ञान दिसायचं. सत्यपाल महाराजांच्या कीर्तनाला तुम्हीच मला खांद्यावर बसवून नेलं होतं, बाबा. समोर सात खंजेऱ्या, त्यावर तुटून पडलेले हात, आणि मधेच थांबून दारूवर, हुंड्यावर, बुवाबाजीवर एक वाक्य. ते वाक्य खंजेरी थांबल्यावर येत होतं, हे मी तेव्हाच टिपलं होतं. आईच्या माहेरी भंडाऱ्याकडे खडी गंमत व्हायची. ढोलकी, तुणतुणं, बाईचं काम करणारा पुरुष, गाणं संपलं की गावातल्या गोष्टींवर उभ्या उभ्या रचलेले संवाद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारा पुतळा, निघते तेव्हा काय असतं? काळी, पिवळी, आणि त्यांच्यासोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे बडगे, तेही पुतळेच. ‘घेऊन जा गे मारबत’ हा गजर सगळं नागपूर एका ठेक्यात करतं. १८८०च्या दशकापासून हे शहर रस्त्यावर उतरून वर्षाच्या दुखण्यांवर हसत आलं आहे. मी मुंबईत येऊन काही परकं शिकले नाही.

आता माझ्या कामाबद्दल. विनोदी गाण्यात सगळा खेळ समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा आहे. तिहाईमध्ये तोच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो, हे ज्यानं शास्त्र शिकलं नाही त्याच्याही कानाला ठाऊक असतं. मी दोनदा सरळ म्हणते. तिसऱ्यांदा शब्द बदलते, पण पडते समेवरच. शब्द फसवतो आणि ताल फसवत नाही, म्हणून हसू फुटतं. ताल चुकला तर लोक नुसते अवघडून बसतात. हसवणारा शब्द ओळीच्या अगदी शेवटी यावा लागतो, मधे आला तर उरलेली ओळ हशात बुडते. हशा किती लांबेल ते आधी कळत नाही, त्यामुळे पेटीवर तालाची एक-दोन आवर्तनं फिरत राहावं लागतं, श्रोत्यांकडे बघत, आणि शांत होत आलं की उचलायचं. पूर्ण शांत होऊ द्यायचं नाही. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पण तबलजीकडे न बघता आवर्तन मोजायची सवय तुम्ही लावली नसती, तर मला हे जन्मात जमलं नसतं.

माझं कूलरचं गाणं तुम्ही ऐकलंय, पण शेजारच्यांच्या मोबाईलवर, तुटक तुटक. ते मिया मल्हारात आहे. मे महिना, पारा ४५च्या वर, दुपारी लाइट गेलेली, सगळं घर बंद कूलरसमोर आशेनं बसलेलं, आणि मी विलंबितात आळवते आहे, ‘बादलीभर पाणी गे’. तो आंदोलित कोमल गंधार, ते दोन निषाद, सगळं जसंच्या तसं. पाऊस बोलावायचा राग आम्ही कूलरच्या मोटरीसाठी गातो. मी रागाशी खेळ केला असता तर ते गाणं दोन मिनिटांत पडलं असतं. मी मन लावून मल्हार गाते, म्हणून लोक हसतात, आणि मुंबईत राहणारे नागपूरकर हसता हसता डोळे पुसतात. एका कार्यक्रमानंतर एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि म्हणाले, ‘पोरी, गंधार बरोबर लागला.’ विनोदाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या रात्री मला तुम्हाला फोन करावासा वाटला होता, पण फार उशीर झाला होता.

स्किटचं सगळं आईकडून आलं. आई, तू भाजीवाल्याचा, समोरच्या काकूंचा, लग्न जमवणाऱ्या मामांचा आवाज काढायचीस, पण कधी कुणाला हिणवलं नाहीस. त्यांच्या बोलण्यातला श्वास कुठं तुटतो ते तुला कळायचं. स्किट लिहायला बसले की मी आधी तेच शोधते: हा माणूस कुठं थांबतो, काय लपवतो, त्याला आत्ता काय हवं आहे. ते सापडलं की विनोद आपोआप येतो. नाही सापडलं तर कितीही कोट्या घाला, हाती काही लागत नाही.

सगळं गोड आहे असं मी लिहिणार नाही. एका महिन्यात सोसायट्यांचे गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम, मालिकेचं लेखन सगळं एकदम येतं, दुसऱ्या महिन्यात काहीच नाही. पण त्याचा हिशेब मी बसवला आहे, विमा काढला आहे, भाडं थकत नाही. खरा त्रास वेगळाच आहे. वऱ्हाडी बोलणारं पात्र म्हणजे मठ्ठ, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. एका ठिकाणी मला नागपूरची बाई लिहायला सांगितली, जिला लिफ्ट कशी वापरायची तेही कळत नाही. मी नाही म्हटलं आणि ते काम सोडलं. माझ्या स्किटमध्ये ‘काय करून राहिले बे तुम्ही?’ विचारणारी बाईच सगळ्यांत आधी सगळं ओळखते. बायकोवर, जाडीवर, रंगावर, जातीवर मी विनोद करत नाही. त्यानं पैसे थोडे कमी मिळतात. चालेल.

बोर्गेची एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. डेन्मार्कवर नाझींचा ताबा असताना त्याची आई मरणपंथाला लागली. जो हिटलरवर विनोद करून पळाला होता, जो ज्यू होता, तो खलाशाचा वेश करून तिला भेटायला परत गेला. भेटला आणि निघून आला. पुढे १९४३मध्ये डॅनिश लोकांनी होड्यांमधून सुमारे ७,००० ज्यूंना स्वीडनला पोचवलं, त्याची आठवण ठेवून त्यानं १९६३मध्ये स्कँडिनेव्हियाच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारायला हातभार लावला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ काही केलं नाही. त्याला जीव मुठीत धरून समुद्र ओलांडावा लागला. मला रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी तुम्ही दोघं दिसता. आईचे गुडघे, बाबा तुमच्या कानाचं मशीन, हे सगळं मी फोनवर ऐकते आणि ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हणते. आता ठरवलंय, दर महिन्यातले काही दिवस नागपुरात राहून लिहायचं. लिहायला मुंबईच लागते असं काही नाही. माझी खोली रिकामी करू नका, आणि धान्याची कोठी तिथून हलवा.

जानेवारीत आपला कार्यक्रम सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात आहे. वसंतराव याच शहरात सप्रे गुरुजींकडे गाणं शिकले, म्हणून त्या सभागृहाचं मला थोडं दडपण आहे. आईसाठी कडेची खुर्ची ठेवायला सांगितली आहे, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

आणि बाबा, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलेली नाही. कूलरच्या गाण्याला पेटी तुम्ही धरायची आहे. ‘बोटं चालत नाहीत आता’ हे मला सांगू नका. बोर्गे ९१व्या वर्षी कोपनहेगनला कार्यक्रम करून घरी परतला होता, तुम्ही तर आत्ता सत्तरी ओलांडली आहे. विलंबित आहे, बोटांना घाई नाही. घरच्या पेटीचा भाता गळतो, तो महाल भागातल्या तुमच्या नेहमीच्या माणसाकडून दुरुस्त करून घ्या आणि मध्य सप्तकातला कोमल गंधार कुरकुरतो तोही त्याला दाखवा. पट्टी काळी दोन. ‘बादलीभर पाणी गे’ तिसऱ्यांदा झालं की मी थांबेन, लोक हसतील. तेव्हा तुम्ही नुसत्या षड्जावर राहा, माझ्याकडे बघा, मी मान हलवली की गंधार द्या.

तुमची,
ताई