ताव्रिया सिम्फेरोपोलचा इतिहास वाचवा : युक्रेनच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. मात्वी बिदनी,
युवक व क्रीडा मंत्री, युक्रेन
कीव

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात राहणारा एक डॉक्टर. माझं वैद्यकीय शिक्षण क्रिमियात, सिम्फेरोपोलला झालं. २०१४ पूर्वी तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात भारतातली बरीच मुलंमुली शिकत होती, महाराष्ट्रातलीही होती. हे पत्र त्या शहराच्या फुटबॉल क्लबाबद्दल, म्हणजे ताव्रियाबद्दल आहे. त्याची युक्रेनियन प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो आहे. मराठीतून ते जाहीर करतो आहे, कारण माझ्याबरोबर त्या स्टँडमध्ये बसलेले कित्येक जण आज नांदेड, सांगली, जळगाव अशा गावांत दवाखाने चालवतात. त्यांनी ते वाचावं आणि त्यांच्याकडे जे काही जपलेलं असेल ते पुढे आणावं, अशी माझी इच्छा आहे.

आपल्याला ताव्रियाचा इतिहास मी सांगायला नको. पण युक्रेनच्या फुटबॉलचं नाव काढलं की इथल्या वाचकाला डायनामो कीव आठवतो, फार तर शाख्तार दोनेत्स्क. म्हणून थोडं मागे जातो.

१९५४ मध्ये क्रिमिया सोव्हिएत युक्रेनमध्ये आला आणि १९५८ मध्ये सिम्फेरोपोलचा संघ उभा राहिला. तेव्हा त्याचं नाव आवानहार्द होतं. १९६३ मध्ये त्याचं ताव्रिया झालं. सोव्हिएत काळात हा कधीच मोठा संघ नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या फळीत खेळायचा. १९८० मध्ये दुसरी फळी जिंकून तो सर्वोच्च लीगमध्ये गेला, १९८१ चा एक हंगाम तिथे खेळला आणि लगेच खाली आला. मॉस्को, कीव, त्बिलिसी यांच्या मोठ्या संघांपुढे प्रांतातल्या संघाचं हेच व्हायचं. सोव्हिएत संघ मोडला त्या वर्षीही, १९९१ मध्ये, ताव्रिया दुसऱ्याच फळीत होता.

मग १९९२ आलं. नव्या देशाला स्वतःची लीग हवी होती आणि ती घाईघाईत, वसंत ऋतूपासून जूनपर्यंत उरकायची होती. वीस संघ, दहा-दहाचे दोन गट आणि दोन गटविजेत्यांमध्ये एकच अंतिम सामना. एका गटातून डायनामो कीव येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं आणि तसंच झालं. दुसऱ्या गटात शाख्तार आणि ओदेसाचा चोर्नोमोरेत्स असतानाही पहिला आला तो ताव्रिया. २१ जून १९९२ रोजी ल्विवमध्ये सामना झाला. प्रशिक्षक अनातोली झायाएव यांच्या पोरांनी डायनामोला रोखून धरलं आणि उत्तरार्धात सेर्ही शेवचेन्कोने गोल केला. १-०. स्वतंत्र युक्रेनचा पहिला विजेता संघ क्रिमियाचा निघाला.

या निकालाचं महत्त्व वर्ष गेलं तसं वाढतच गेलं. पुढच्या हंगामापासून डायनामोने सलग नऊ वेळा विजेतेपद घेतलं, नंतर शाख्तार वर आला. २०२५ पर्यंतचे सगळे विजेते पाहिले तर डायनामो आणि शाख्तार सोडून तिसरं नाव एकच आहे, आणि ते पहिल्याच ओळीत आहे. द्नीप्रोकडे पैसा होता, खार्किवच्या मेतालिस्तकडेही होता. त्यांना जे जमलं नाही ते सिम्फेरोपोलने केलं.

त्या विजेतेपदामुळे युक्रेनकडून युरोपच्या चॅम्पियन्स स्पर्धेत पहिल्यांदा उतरण्याचा मान ताव्रियाला मिळाला. आयर्लंडच्या शेलबर्नशी डब्लिनमध्ये ०-० आणि घरी २-१. पुढच्या फेरीत स्वित्झर्लंडच्या सिऑनने त्यांना बाहेर काढलं. पण युरोपच्या त्या स्पर्धेत युक्रेनचं नाव पहिल्यांदा लावलं ते निळ्या-पिवळ्या झेंड्याखाली खेळणाऱ्या क्रिमियाच्या संघाने. महोदय, आज जगभर क्रिमिया कुणाचा यावर वाद घालणारी माणसं भेटतात, माझ्या ओळखीतही आहेत. त्यांच्याशी मी कायद्याचं बोलतो तेव्हा ती कंटाळतात. ल्विवचा तो सामना सांगितला की ऐकून घेतात.

मी तिथे होतो त्या वर्षांत ताव्रिया गुणतक्त्याच्या मधल्या भागात राहणारा संघ होता. लोकोमोतिव स्टेडियममध्ये वीसेक हजार माणसं मावतील एवढी जागा होती, पण नेहमीच्या सामन्याला ते भरायचं नाही. भारतीय मुलांना गर्दीत सहज जागा व्हायची. सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले म्हातारे आम्हाला खेळाडूंची नावं शिकवायचे. ओलेक्सांद्र हायदाशचे गोल ते कालच झाल्यासारखे सांगायचे. त्यांत रशियन बोलणारे होते, युक्रेनियन होते, हद्दपारीतून परतलेले क्रिमियन तातार होते. ताव्रियावरून त्यांची भांडणं मी पुष्कळ पाहिली. ती प्रशिक्षकाने कुणाला खेळवलं नाही, यावरची असायची.

२०१० मध्ये त्या शहराला पुन्हा एकदा आनंद झाला. युक्रेनचा कप ताव्रियाने जिंकला, अंतिम सामन्यात मेतालुर्ह दोनेत्स्कला जादा वेळेत ३-२ असं हरवून. त्या उन्हाळ्यात युरोपा लीगसाठी जर्मनीचा बायर लेव्हरकुझन सिम्फेरोपोलला आला. पहिला सामना ०-३ हरून आलेल्या ताव्रियाला इथेही १-३ हार पत्करावी लागली, पण तो एक गोल झाला तेव्हाचा आवाज मी विसरणार नाही. त्याच सुमारास उद्योगपती दिमित्रो फिर्ताश यांचा पैसा क्लबात आला. आता दिवस पालटतील असं लोक म्हणत होते. तसं झालं नाही, पण एखाद-दुसरा वाईट हंगाम हा कुठल्याही क्लबाच्या नशिबी असतोच. त्याने क्लब मरत नाही.

क्लब संपला तो २०१४ मध्ये. २७ फेब्रुवारीला सिम्फेरोपोलमधल्या संसदेच्या इमारतीचा ताबा हत्यारबंद लोकांनी घेतला, १८ मार्चला रशियाने क्रिमिया आपला असल्याचं जाहीर केलं आणि तो हंगाम संपल्यावर ताव्रिया मोडला गेला. त्याच शहरात टीएसके सिम्फेरोपोल हा नवा क्लब काढून त्याला रशियाच्या खालच्या लीगमध्ये घातलं. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव करून १ जानेवारी २०१५ पासून क्रिमियाच्या क्लबांना रशियन स्पर्धांत खेळायला बंदी केली आणि क्रिमिया हा विशेष विभाग ठरवला. तिथे मग आठ संघांची वेगळी लीग सुरू झाली. टीएसकेच्या नावातही ताव्रिया डोकावत होता. पण १९९२ चं विजेतेपद त्या संघाचं नाही, हे युक्रेनने ठामपणे सांगितलं ते बरं केलं.

यानंतरचा काळ फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी आहे. ताव्रिया युक्रेनमध्ये पुन्हा उभा राहिला. क्रिमियाच्या जवळ, खेर्सोन प्रांतात, नीपर नदीच्या काठावरच्या बेरिस्लाव या छोट्या गावात त्याने बिऱ्हाड केलं. २०१६ मध्ये हौशी संघांत खेळला, २०१७-१८ पासून दुसऱ्या लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तिसऱ्या फळीत आला. पुढे नदीपलीकडच्या नोवा काखोव्कामध्येही त्याचे सामने होत. युरोपात खेळलेला, देशाचा पहिला विजेता संघ आता तालुक्याच्या मैदानावर थोड्या प्रेक्षकांसमोर खेळत होता. शाख्तारही दोनेत्स्क सोडून आला, लुहान्स्कचा झोर्याही आला, पण त्यांच्यामागे पैसा होता आणि ते वरच्या लीगमध्ये टिकले. ताव्रियाकडे नावाशिवाय काही नव्हतं. त्या खेळाडूंना पगार काय मिळत असेल, याचा अंदाज तिसऱ्या फळीतले क्लब जवळून पाहिलेल्या कुणालाही करता येईल. तरी त्यांनी तो शर्ट घातला.

२४ फेब्रुवारी २०२२ नंतर बेरिस्लाव आणि नोवा काखोव्का दोन्ही रशियन सैन्याच्या ताब्यात गेली. बेरिस्लाव त्या नोव्हेंबरात सुटलं. नोवा काखोव्का अजून ताब्यातच आहे. ६ जून २०२३ ला काखोव्काचं धरण फुटलं. बेरिस्लावमध्ये ड्रोनच्या भीतीने माणसं रस्त्यावर यायला धजत नाहीत अशा बातम्या येत राहिल्या. २०२२-२३ च्या हंगामाची यादी लागली तेव्हा तिच्यात ताव्रिया नव्हता. एकाच क्लबाचं घर आठ वर्षांत दोनदा गेलं.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, अशी संघांची नावं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतला म्हातारा माणूसही दुपारी झोपत नाही. संघाकडे पैसा नसतो, कधी तो वर्षानुवर्षं काही जिंकत नाही, पण पेठ आहे तोवर तालीम आहे. ताव्रियाची पेठच हिरावून घेतली. तेव्हा ताव्रियाचं नाव जपण्याचं काम आपसूक होणार नाही, ते कुणीतरी अंगावर घ्यावं लागेल. माझी विनंती आहे की ते आपल्या मंत्रालयाने घ्यावं.

क्लब चालवणं सरकारचं काम नाही, हे मला समजतं. फिफाला सरकारी ढवळाढवळ चालत नाही. लीगमध्ये कुणाला घ्यायचं ते युक्रेनियन फुटबॉल असोसिएशन ठरवेल, आणि तिचे अध्यक्ष आंद्री शेवचेन्को स्वतः खेळाडू होते, त्यांना ताव्रिया म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. पण इतिहास गोळा करणं हे मंत्रालयाला नक्की करता येईल. झायाएव २०१२ मध्ये गेले. १९९२ चा संघ आता साठीच्या आसपास आहे. कुणी कीवमध्ये आहे, कुणी परदेशात, कुणी क्रिमियातच राहिला. जे राहिले त्यांना दोष देत बसण्याची ही वेळ नाही. ज्यांच्याशी बोलता येतं त्यांच्याशी आत्ता बोलून, कॅमेऱ्यासमोर बसवून, सामन्यांच्या आठवणी, प्रवास, पगार, ल्विवच्या ड्रेसिंग रूममधलं बोलणं, सगळं नोंदवून घ्यायला हवं. त्याबरोबरच बेरिस्लावच्या संघाचीही नोंद व्हावी. १९९२ बद्दल निदान वर्तमानपत्रांत लिहून आलं. २०१६ ते २०२२ मधल्या मुलांबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही. त्यातले काही जण आज सैन्यात असतील. त्यांची नावं, त्यांचे सामने, त्यांचे फोटो एका ठिकाणी असायला हवेत, आणि ते ठिकाण सरकारी आणि कायमचं असायला हवं. चाहत्याच्या फोनमध्ये राहिलेला इतिहास फोनबरोबर जातो.

दुसरी गोष्ट मुलांची. क्रिमियातून आणि खेर्सोनमधून निघालेली कुटुंबं आज देशभर विखुरली आहेत. आपल्याकडे मुलांच्या सरकारी क्रीडा शाळांची जुनी, चांगली पद्धत आहे. त्यातल्या एखाद्या शाळेत ताव्रियाच्या नावाचा मुलांचा संघ काढावा. अकरा वर्षांचा, तेरा वर्षांचा, जो जमेल तो. मोठ्यांचा संघ परत लीगमध्ये येईल तेव्हा येईल, पण तोवर तो शर्ट घालणारं कुणीतरी मैदानात असेल.

आणि तिसरी गोष्ट आपण करतच असाल, तरी लिहितो. २०२३ मध्ये रशियाने क्रिमियातल्या सेवास्तोपोल आणि याल्टाचे क्लब आपल्या खालच्या लीगमध्ये घेतले. युएफाचा २०१४ चा ठराव त्यामुळे कागदावरच राहण्याची भीती आहे. हे सामने खालच्या फळीतले म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, पण मोठ्या गोष्टी अंगवळणी पाडायला खालची फळीच वापरतात. आपल्या प्रत्येक बैठकीत हा विषय निघाला पाहिजे.

युद्ध चालू असताना, रोज माणसं मरत असताना एका तिसऱ्या फळीतल्या क्लबाचं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारलं तर त्याचं मला वाईट वाटणार नाही. मी डॉक्टर आहे. जखमी माणूस आधी, बाकी सगळं नंतर, हे मला कुणी शिकवायला नको. रणगाड्याचा पैसा फुटबॉलला द्या असं मी म्हणत नाही. पण चार माणसं, दोन कॅमेरे आणि एक अभिलेखागाराची खोली एवढा हा खर्च आहे, आणि तो उद्यावर ढकलला तर सांगणारी माणसं उरणार नाहीत. घरं पुन्हा बांधता येतात. माणूस गेला की त्याच्याबरोबर गेलेला सामना परत मिळत नाही.

माझ्याकडे लोकोमोतिव स्टेडियमची काही तिकिटं, एक निळा स्कार्फ आणि लेव्हरकुझनच्या सामन्याचे फोटो आहेत. माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांकडेही असंच काहीबाही आहे. एकाने स्टँडमधल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण ठेवलं आहे. आपल्या मंत्रालयाने किंवा असोसिएशनने हे काम हाती घेतलं तर आम्ही हे सगळं, मूळ वस्तूंसह, विनामूल्य देऊ, आणि ते स्वखर्चाने कीवला पोचवू. कुणाकडे आणि कशा स्वरूपात पाठवायचं, एवढं फक्त आपल्या कार्यालयाने कळवावं.

आपला,
सिम्फेरोपोलला शिकलेला एक डॉक्टर
कोल्हापूर