कपाटातली सात खोकी

पुणे,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर कपाटातल्या खोक्यांचा विषय काढला की आई गॅस बंद करायला उठते आणि बाबा "बाकी सगळं बरं आहे" म्हणून फोन ठेवतात. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

गौरी-गणपतीला आले होते तेव्हा पाहुण्यांची पांघरुणं काढायला मी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात मी दर महिन्याला पाठवते ती खोकी एकावर एक रचून ठेवलेली होती. सात. त्यातल्या पाचांची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. घरात माणसं होती म्हणून तेव्हा बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आई, तू म्हणशील, "चांगल्या वस्तू आहेत, कुणी आलं-गेलं तर काढू." पण त्या वस्तू मी आल्या-गेल्यासाठी पाठवल्याच नव्हत्या. आणि त्या थांबतही नाहीत गं. मे महिन्यातल्या खोक्यातला दार्जिलिंगचा चहा मार्च-एप्रिलमध्ये खुडलेल्या पहिल्या कोवळ्या पानांचा होता. त्याला जी किंमत असते ती वासाचीच, आणि तो वास महिन्यामहिन्यानं उतरत जातो. चिकमगळूरच्या कॉफीचं तर त्याहून लवकर होतं. एकदा दळली की काही आठवड्यांतच तिचा सुगंध जातो. आणि ज्या चॉकलेटवर पांढरं दिसलं म्हणून तू ते बुरशी समजून टाकून दिलंस, ती बुरशी नव्हती. उन्हाळ्यात आपलं पत्र्याचं घर तापतं, चॉकलेट मऊ होऊन पुन्हा घट्ट होतं आणि त्यातलं कोकोचं लोणी वर येऊन पांढरं दिसतं. खाल्लं असतं तरी काही झालं नसतं.

मी हॉस्टेलला होते तेव्हाचं आठवतं का? महिन्यातून एकदा तू सांगली स्टँडवर जाऊन एसटीच्या कंडक्टरकडे खोका द्यायचीस आणि मी स्वारगेटला जाऊन उभी राहायचे. सुतळीच्या तीन गाठी. आत भडंग, बेदाणे, मेतकूट, कधी करंज्या, आणि एका कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेंगदाण्याची चटणी. भडंगातला लसूण बसमध्येच दरवळलेला असायचा, कंडक्टर हसून खोका हातात द्यायचा. आम्ही पाचजणी त्याच रात्री तो संपवायचो. पुरवून खा असं तू एकदाही लिहिलं नाहीस. उलट विचारायचीस, "सगळ्यांना पुरलं का? पुढच्या वेळी जास्त घालते." मी पाठवते तो खोका तसाच आहे. सुतळी नाही एवढंच.

बाबा, तुमची काळजी वेगळी आहे ते मला माहीत आहे. मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात इतकी वर्षं दुसऱ्याच्या हळदीचा हिशेब पै-पैसह लिहिलात, त्यामुळे या खोक्यांचे पैसे दर महिन्याला माझ्या खात्यातून आपोआप कापले जातात हे तुम्हाला पटत नाही. पण पैसे कापायच्या चोवीस तास आधी मला बँकेचा मेसेज येतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२१ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. नको वाटलं तर मला ते तिथल्या तिथे बंद करता येतं. सगळं माझ्या हिशेबाच्या वहीत आहे. ती वही ठेवायला तुम्हीच शिकवलंत.

आता नाटकाचं.

गेल्या दिवाळीत आपण तिघं भावे नाट्यमंदिरात गेलो होतो. येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "आता पूर्वीसारखी नाटकं राहिली नाहीत, उगाच पैसे घालवू नका." मी ते खरं धरलं आणि पुन्हा तिकिटं काढली नाहीत. पण गणपतीत तुमच्याजवळ आठ दिवस राहिले. टीव्हीचा आवाज केवढा असतो ते ऐकलं. फोन तुम्ही कायम डाव्या कानाला लावता ते पाहिलं. आणि मग मला दिवाळीतला दुसरा अंक आठवला. सगळं थिएटर हसलं तेव्हा तुम्ही आईकडे वळून विचारलंत, "काय म्हणाला?" थोड्या वेळानं पुन्हा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलं नाहीत. मांडीवर हात ठेवून पडदा पडेपर्यंत खाली बघत बसलात. मी शेजारी होते आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

बाबा, नाटक बिघडलेलं नाही. या वयात स, फ, त असे बारीक आवाज आधी जातात. बोलणं कानावर पडतं, पण शब्द उमटत नाही. यात लपवण्यासारखं काहीही नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी येतेय. सोमवारी मिरजेला जाऊन कान तपासून घेऊ. मशीन लागलं तर घेऊ. त्यावर वाद घालायचा नाही.

तोवर मी एवढं केलंय. महिनाअखेरच्या शनिवारची दोन तिकिटं काढलीत, रात्रीचा प्रयोग. तिसरी रांग, स्टेजकडे तोंड केलं की उजव्या हाताच्या कडेच्या खुर्च्या. तिथे बसलात की तुमचा डावा कान स्टेजकडे येतो. आईच्या गुडघ्यांनाही कडेची खुर्ची बरी, पाय लांब करता येतो. चारशेचं एक तिकीट. वर कर किती, हे तुम्ही विचारणारच, तर पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नसतो.

तुम्हीच मला लहानपणी सायकलवर पुढे बसवून सांगायचात की १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' आपल्या सांगलीत केलं, आणि तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली. दहा वर्षांनी मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले, हेही तुमच्याच तोंडून ऐकलंय. पाच नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन आला की घरात हा विषय निघायचाच. प्लॅन उघडायच्या दिवशी सकाळी सहाला खिडकीवर रांगेत उभं राहायचात, मागच्या रांगेचं तिकीट मिळालं तरी आठवडाभर खूश असायचात, हे आजीनं मला सांगितलंय. मग आम्ही दोघी झालो, फिया आल्या आणि ते बंद पडलं. तुम्ही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. आता आमच्या फिया संपल्या, बाबा. समोरची रांग तुमची आहे.

मध्यंतरात बाहेर या, वडा खा, चहा घ्या. आई, "घरी याच्यापेक्षा चांगला करते" हे मला मान्य आहे, तरी त्या दिवशी तिथलाच खा. घरच्या वड्यामागे तू तासभर कढईपुढे उभी असतेस. तिथे तू बाबांच्या शेजारी उभी राहून नुसती खाशील. मला तेच हवंय. आणि ती हिरवी इरकल नेस, तीही कपाटातच आहे.

पुढचा खोका वीस तारखेच्या आसपास येईल. आला की त्याच दिवशी उघडा. यावेळीही दार्जिलिंगचाच चहा आहे. पाणी उकळलं की गॅस बंद कर, मिनिटभर थांब, मग कपाला एक चमचा पत्ती घालून झाकण ठेव आणि तीन मिनिटांत गाळ. पहिल्यांदा दूध-साखर घालू नकोस. रंग फिका दिसेल, तो तसाच असतो. नाही आवडला तर मोकळेपणानं सांग. पुढच्या महिन्यापासून आसामचा मागवते, तो दुधात छान लागतो.

जुन्या सात खोक्यांतलं जे चांगलं असेल ते शेजारच्या मुलांना देऊन टाका. कपाटाचा तो कप्पा मी आले की रिकामा दिसायला हवा.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, नाटक झाल्यावर रात्री कितीही वाजले तरी मला फोन करा. दुसऱ्या अंकात लोक कुठे हसले आणि का हसले, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.