बाबांच्या गुडघ्यासाठी केलेली पाहणी

ती. आई-बाबा,

शि. सा. नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवर मोठं लिहिलं की बाबा "नंतर वाचतो" म्हणतात आणि ते नंतर कधीच येत नाही, म्हणून मेल करतेय, दादाला सांगून प्रिंट काढून घ्या, अक्षर मोठं करायला सांगा.

रविवारी सकाळी नाइट ड्युटी संपली, खरं तर झोपायला हवं होतं, पण त्या दिवशी इथे, इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या या जर्सी बेटावरचे किल्ले आणि म्युझियम सगळ्यांना फुकट खुले होते. एरवी एकेका ठिकाणचं तिकीट आपल्या पैशात हजाराच्या वर जातं, तेव्हा फुकट ते पौष्टिक, शेवटी मुलगी कोणाची! डब्यात कांदेपोहे भरले आणि निघाले. पण फुकट हे काही खरं कारण नव्हतं हं. आई मागे फोनवर बोलता बोलता म्हणून गेली ना, की बाबा यंदा एकदाही कुलाबा किल्ल्यावर गेले नाहीत, लांबून बांधावरूनच गणपतीला हात जोडतात. आणि मी या म्हटलं की बाबांचं एकच, "गुडघा चालू देत नाही, मी तिकडे येऊन काय करू." म्हणून म्हटलं, आधी आपणच जाऊन बघू, हा गुडघा कुठे जाईल आणि कुठे नाही.

माँ ऑर्गेय नावाचा मोठा किल्ला आहे, १२०४ साली इंग्रजांच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली, त्यानंतर फ्रान्ससमोर उभा केलेला. तो मी गेल्या वर्षीच बघितलाय. पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. रद्द.

सकाळी आधी ला ह्यूग बी इथे गेले. बाहेरून दिसायला नुसती गवताची टेकडी, वर एक जुनं चॅपल, पण टेकडीच्या पोटात साधारण सहा हजार वर्षांपूर्वीचं दगडी भुयार आहे, अठरा-एकोणीस मीटर लांब, आणि कमरेत वाकून आत जायचं. मी वाकले, चार पावलं गेले आणि बाबा आठवले, म्हटलं हे काय जमायचं नाही. माझ्यामागे एक आजोबा होते, ते काठी बाहेर बायकोच्या हातात देऊन आत शिरले आणि परत येताना भिंतीला धरून असे कण्हत आले की मला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं. आत थंडगार आणि दगडाचा ओला वास, आपल्या जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो ना तसा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा उगवत्या सूर्याचं ऊन थेट शेवटच्या खोलीपर्यंत जातं. आई, तू कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव बघायला गेली होतीस ना, तसंच, फक्त तिथे मावळतीचं ऊन आणि इथे उगवतीचं.

बाहेरच्या म्युझियममध्ये मात्र बाबा तासभर रमतील. २०१२ मध्ये दोन माणसांना इथल्या एका शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना सुमारे ७० हजार जुनी नाणी सापडली, सगळी एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेला. ते दोघं तीस वर्षं शोधत होते म्हणे, तीस वर्षं! आई, बाबांच्या लॉटरीच्या तिकिटांना आता नावं ठेवू नकोस.

मग बसने गावात आले आणि एलिझाबेथ कॅसलकडे निघाले. हा तुम्हाला दाखवायचाच आहे, कारण हा म्हणजे आपला कुलाबाच, ओहोटीला चालत जायचं आणि भरतीला चारी बाजूंनी पाणी. फरक इतकाच की इथली भरती-ओहोटी भयंकर, उधाणाला बारा मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे चार मजले समजा. पाणी इतकं मागे जातं की सगळीकडे खडकच खडक वर येतात आणि बेट मोठं झाल्यासारखं वाटतं. साधारण किलोमीटरभर चालायचं, वाट बांधलेली आहे पण जागोजागी शेवाळ, धरायला काही नाही. मीच एकदा सटकले, डबा वाचला, पँट नाही. कुलाब्यासारखी घोडागाडी नाही इथे, पण पाण्यातून चालणारी मोठी गाडी असते, भरती असो ओहोटी असो घेऊन जाते. चढायला पायऱ्या आहेत, तेवढ्या जमतील. आत खालचं परेड ग्राउंड एकदम सपाट, बाकं आहेत, तिथे बसून मी पोहे खाल्ले आणि समोर शाळेची पोरं तोफेवर चढत होती, कोणी ओरडत पण नव्हतं. वरच्या भागात जर्मनांचे काँक्रीटचे बंकर आहेत, दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षं बेट त्यांच्या ताब्यात होतं. ते वर आहे, तिथे मी जाऊन फोटो काढीन, तुम्ही बाकावर बसा.

किल्ल्याच्या पलीकडे एका खडकावर सहाव्या शतकात हेलियर नावाचा साधू राहायचा. चाच्यांनी कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवलं तर म्हणे तो ते हातात घेऊन चालत किनाऱ्याला आला. मला लगेच तुमचे मुरारबाजी आठवले, पुरंदरावर शीर नसताना धड लढत होतं ते. गावाला अजून त्याचंच नाव आहे, सेंट हेलियर.

आता बाबा, खास तुमच्यासाठी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हे तुम्ही मला पाढ्यांबरोबर शिकवलंत. रविवारी पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी किल्ल्याला पाणी लागलेलं पाहिजे. आणि मी दुपारी एकच्या सुमारास कोरड्या वाटेवर मधोमध उभी! तुमचं गणित इथे बरोब्बर उलटं पडतं. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी ओहोटी. मी घड्याळ तीनदा बघितलं.

तुम्ही म्हणणार पोरीने तिथी चुकीची धरली. मग स्वतः या आणि काढा चूक. मे महिन्यातली पौर्णिमा कालनिर्णयात बघून मला कळवा, त्याप्रमाणे मी सुट्टी टाकते. व्हिसाचे फोटो काढून ठेवा, बँकेचं स्टेटमेंट दादा काढेल. आणि आई, येताना थोडं भाजणीचं पीठ आण.

तुमची,
छोटी