जुन्या फोटोंतले हसू पुसू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या फोटोंतली माणसे कायम गंभीर, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. सुरुवातीच्या काळात धातूच्या किंवा काचेच्या प्लेटवर चेहरा उमटायला कित्येक सेकंद लागत, मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. एवढा वेळ हसू टिकणार कसे? तरी मिश्कील माणूस वाट काढायचाच. इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थांनी १८४० साली, छायाचित्रणाच्या शोधाचे सगळे श्रेय आपल्याऐवजी दागेर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाला मिळाल्याच्या रागातून, आपण बुडून मेलो आहोत असा स्वतःचाच फोटो काढला. मागे लिहिले, चेहरा आणि हात कुजायला लागलेत बघा. खरे तर ते उन्हाने रापलेले होते! आज कोणी तो फोटो ‘सुधारून’ रंग एकसारखा केला आणि मागचा मजकूर टाकून दिला, तर त्यातली गंमतच संपली.

आमच्या घरी नेमके हेच झाले. १९४९ सालचा आमचा एक ग्रुप फोटो आहे. मागे खांब आणि बाग रंगवलेला पडदा, पुढे आजी-आजोबा ताठ बसलेले. शेजारी उभ्या आत्याचा चेहरा हलला आहे, गाल फुगलेले, हसू दाबता दाबता फुटलेच. कारण मागे स्टुलावर उभे असलेले माझे वडील, वय वर्षे सहा. त्यांच्या मुठीत तिच्या वेणीचे टोक आहे.

फोटोला बुरशी लागली म्हणून दुरुस्तीला दिला. परत आला तो चकचकीत. आत्याला बाहुलीसारखा गुळगुळीत, शांत चेहरा बसवलेला, मूठ रिकामी. वडिलांनी भिंग लावून पाहिले आणि विचारले, “अरे, वेणी कुठे गेली?” मला काही बोलवेना. सुदैवाने मूळ प्रत सांभाळून होती.

डाग काढायला माझी हरकत नाही. पूर्वीचे रिटचर, म्हणजे फोटोंची हाताने डागडुजी करणारे कारागीरही, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवतच. पण हललेला चेहरा हा डाग नव्हे. वाचकांना कळकळीची विनंती आहे, फोटो दुरुस्तीला देताना चेहऱ्यांना हात लावू नका असे स्पष्ट सांगा. पुठ्ठ्यासकट दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या, मूळ प्रत मोजून परत घ्या. आणि घरात कोणी जुने माणूस असेल तर या दिवाळीत अल्बम घेऊन त्यांच्याजवळ बसा, कोण कोणाला हसवत होते तेही विचारून मागे लिहून ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली