संबळ यंत्रात भरा, पण संबळवाल्याला घरी बसवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांनी लिहिलं होतं की कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक पॅड आले आणि देवीच्या गोंधळाचं वाटोळं झालं. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गोंधळ पार्टीत २२ वर्षं कीबोर्ड वाजवतो. माझे काका त्याच पार्टीत संबळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायची लहान-मोठ्या तोंडाची जोडी, वाजवतात. म्हणून ते पत्र मला लागलं. त्यातलं अर्धं खरं आहे.

कीबोर्डमध्ये ताल तयार मिळतो. बटण दाबलं की सहा मात्रांचा दादरा सुरू. पण तो सिनेमातल्या गाण्याचा दादरा. मी आजवर चार कीबोर्ड वापरले. तबला, ढोलक, ढोल सगळ्यांत होते. संबळ एकातही नव्हता. मग देवीचं पद आम्ही ढोलकवर बसवायचो आणि काकांचा संबळ त्या ढोलकमागे फरफटत यायचा. दोष यंत्राचा नव्हता. दुसऱ्याने भरून दिलेला ताल आम्ही आपला म्हणून वाजवत होतो, तिथे चुकलं.

१९८२ साली मुंबईचे सिनेसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग वाजवले आणि त्यांची तबकडी निघाली. त्यातलं टीबी-३०३ हे सेलवरही चालणारं छोटं यंत्र. एकट्या गिटारवाल्याला बेसची, म्हणजे खालच्या सुरांची साथ मिळावी म्हणून केलेलं. त्यांनी त्याच्यात भैरव राग भरला. यंत्राने काय वाजवायचं हे वाजवणाऱ्याने ठरवलं. हे वाचल्यावर मला माझी वाट दिसली.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून कॉर्ग कंपनीचं व्होल्का सॅम्पल नावाचं यंत्र जुनं विकत घेतलं. पुस्तकाएवढं यंत्र, सहा पेन्सिल सेलवर चालतं. आपण भरलेले आवाज ते सोळा घरांत मांडतं. ज्या घराचा दिवा लावाल तिथे ठोका पडतो, सोळा संपले की पुन्हा पहिल्यापासून. सोळा घरं आठ मात्रांच्या कहरव्याला बरोबर बसतात. आमची बरीच पदं सहाच्या चालीची, म्हणून चार घरं बंद करून बारा ठेवायची. आवाज सगळे मिळून ६५ सेकंदांचेच मावतात, त्यामुळे काय ठेवायचं ते फार जपून निवडावं लागतं.

काकांचा संबळ आम्ही भर दुपारी रेकॉर्ड केला. लाइट गेलेली होती, म्हणून गिरणी बंद, पंखे बंद, शेजारचा टीव्ही बंद. काकांनी संबळ उन्हात तापवून घेतला आणि एकेक ठोका सुटा मारून दिला: लहान तोंडाचा वेगळा, मोठ्या तोंडाचा वेगळा, टोकाला वळवलेल्या काठीचा वेगळा. रात्री मी ते ठोके घरांत बसवून त्यांना ऐकवले. काका म्हणाले, "ताल बराबर हाय, पण चालायला न्हाई. एका जागी उभं राहून टाळ्या पिटायलंय."

त्या एका वाक्यावर मी महिनाभर काम केलं. काका जोडठोक, म्हणजे लागोपाठ दोन ठोके मारतात तेव्हा दुसरा ठोका केसभर उशिरा येतो, आणि दर वेळी सारखा उशिरा येत नाही. यंत्राच्या घरांत ते अंतर बसेना. शेवटी सुटे ठोके टाकून मी जोडठोक अख्खी एकच आवाज म्हणून भरली. आता त्या दोन ठोक्यांमधलं अंतर काकांच्या हाताचंच राहिलं. एकाच जोडठोकीच्या चार वेगवेगळ्या प्रती घेतल्या आणि आलटून पालटून लावल्या. काकांनी पुन्हा ऐकलं आणि काही बोलले नाहीत, मांडीवर बोटाने ताल धरला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी पावती.

आता दुःखाची गोष्ट. मागच्या नवरात्रात एका मंडळाने सुपारी देताना सांगितलं, "तुमच्या डबीत संबळ आहेच, मग म्हाताऱ्याची बिदागी कशाला?" मी ती सुपारी घेतली नाही. पण रात्रभर झोप लागली नाही, कारण ती डबी मीच भरली होती. तेव्हापासून आमच्या पार्टीत ठरलंय: काका बसले असतील तर यंत्रातला संबळ बंद. यंत्र तुणतुण्यासारखा धरून ठेवणारा सूर आणि खालचा बेस देईल, ठोका काकांचाच. यंत्रातला संबळ घरी माझ्या पुतण्यांसाठी चालतो. ते त्याच्यासोबत हात बसवतात, आणि चुकलं की काकांकडे जातात.

मंडळांना माझं सांगणं एवढंच, की बिदागी ठरवताना संबळवाल्याची वेगळी धरा. आणि मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या, महाविद्यालयांच्या संगीत विभागांना विनंती आहे. गावोगावच्या संबळवाल्यांचे, हलगीवाल्यांचे, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांचे ठोके नीट रेकॉर्ड करा. त्यांना त्याचे पैसे द्या, वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव सोबत लिहा आणि कुठल्याही पोराला आपल्या यंत्रात भरता येतील असे खुले ठेवा. सेलूचा ठोका आणि तुळजापूरचा ठोका एक नाही. मी दोन्ही ऐकले आहेत.

काका ७१ वर्षांचे आहेत. जोगव्याची चाल अजून रेकॉर्ड करायची राहिली आहे. कुणाला चांगला माइक घेऊन यायचं असेल तर दुपारी, लाइट नसताना यावं.

आपला,
एक कीबोर्डवादक
सेलू, जि. परभणी